गर्दी जमेल, पण गल्ला भरेल का? बेळगावातल्या कॉमिक कॉनचा हिशोब

उद्यमबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. पुणे, हैदराबाद, चेन्नईत कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळा, होतं, मग बेळगावात का होऊ नये? कोल्हापूर, हुबळी, पणजी तिन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात. तीन दिवस, दोनशे स्टॉल, रोज दहा हजार माणसं, एवढा मेळा शहराला झेपेल का? अॅनिमे (जपानी कार्टून) बघणाऱ्या पाच-सहा मित्रांचा त्यांचा ग्रुप आहे आणि मैदान बुक करायचं चाललंय.

मैदान एवढ्यात बुक करू नका. दोनशे स्टॉलचा मेळा बेळगावला आज झेपणार नाही. चाळीस स्टॉलचा झेपेल, आणि नीट केला तर चार-पाच वर्षांत तो मोठाही होईल. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात पुस्तक प्रदर्शनं, संमेलनांचे मंडप आणि स्टॉल लावण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली आहेत.

गर्दी हा इथला प्रश्न कधीच नव्हता. २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं झालं, २०११ च्या मार्चमध्ये विश्व कन्नड संमेलन झालं, २०१५ ला नाट्य संमेलन झालं. २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध सुरू झाल्यापासून हिवाळी अधिवेशनाला जवळजवळ दरवर्षी मंत्री-अधिकाऱ्यांचा सगळा लवाजमा इथं मुक्कामाला येतो. विसर्जनाच्या आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री गावात पाय ठेवायला जागा नसते. पण या सगळ्यात बघणाऱ्याला खिशात हात घालावा लागत नाही. खर्च सरकार करतं, नाहीतर मंडळ वर्गणीतून करतं, नाहीतर स्वागत समिती पावत्या फाडते. कॉमिक कॉन हा मुळात बाजार आहे. आलेल्यानं तिकीट काढायचं आणि आत जाऊन पुन्हा काहीतरी विकत घ्यायचं. त्यामुळे किती माणसं येतील असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, स्टॉलवाला रविवारी रात्री किती रुपये घेऊन घरी जाईल?

हिशोब मांडून बघू. समजा पुण्याची एक चित्रकार मुलगी स्वतः छापलेलं कॉमिक, प्रिंट, स्टिकर आणि बॅज घेऊन येणार आहे, सोबत मदतीला भाऊ. तीन दिवसांचं स्टॉलभाडं आठ हजार धरा. दोघांचं येणं-जाणं, लॉज, जेवणखाण मिळून दहा हजार. विकलेल्या मालाची छपाई बारा हजार. म्हणजे तीस हजारांचा धंदा झाला तर ती फक्त मोकळी सुटते. हातात दहा हजार तरी राहिले पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी ती फोन उचलणार नाही. असे दोनशे स्टॉल म्हणजे तीन दिवसांत ऐंशी लाखांची विक्री. खाणंपिणं सोडून एका माणसानं सरासरी तीनशे रुपयांचा माल घेतला, आणि हे मी हात सैल सोडून धरतोय, तर सव्वीस-सत्तावीस हजार गिऱ्हाइकं लागतात. नुसते फिरून फोटो काढून जाणारे वेगळे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पाच लाखांच्या जरा आतच होतं. आता वाढलं असेल, तरी एवढी गिऱ्हाइकं एका शनिवार-रविवारला जोडून आणायची म्हणजे अवघड आहे.

आता चाळीस स्टॉल धरा, त्यातले निम्मे इथलेच. इथल्या पोरांना लॉज नाही, प्रवास नाही, त्यांचं वीस हजारांत भागतं. एकूण बारा लाखांची विक्री, म्हणजे चार हजार गिऱ्हाइकं. हा आकडा मला बेळगावात दिसतो.

मोठ्या शहरातले मेळे तिकिटावर आणि स्टॉलभाड्यावर चालतात असं वाटत असेल तर तेही पूर्ण खरं नाही. भारतातलं पहिलं कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये भरलं आणि प्रवेश फुकट होता. जानेवारी २०२४ मध्ये नॉडविन गेमिंगनं ते ५५ कोटींना घेतलं. घेणारी कंपनी गेमिंगची आहे यातच काय ते समजा. ओटीटीवाले, गेमवाले, मोबाइलवाले तिथं प्रचंड स्टॉल टाकतात आणि त्या पैशावर बाकीचं चालतं. या कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांच्या यादीत बेळगाव नाही, आणि तुम्ही ईमेल पाठवून ते येणारही नाही. आपल्याकडे प्रायोजक म्हणजे सहकारी सोसायटी, सराफ, बिल्डर, क्लासवाले, फार तर एखादं हॉस्पिटल. पैसे देतात, नाही असं नाही. पण त्यांच्या चेअरमनना व्यासपीठ लागतं, शाल-श्रीफळ लागतं, आणि दोन शब्द बोलायला सांगितलं की अर्धा तास जातो. नारुटो या अॅनिमेतल्या पात्राचा वेश करून उन्हात उभ्या असलेल्या पोरांना ते सहन होणार नाही. उद्घाटन सकाळी साडेनऊला, गेट उघडायच्या आधी उरकून घ्या. सगळ्यांचा मान राहतो.

कोल्हापूर, हुबळी, गोवा येईल हे गणित कागदावर सुंदर दिसतं. २०११ ला कोल्हापूर साडेपाच लाखांचं, हुबळी-धारवाड साडेनऊ लाखांच्या आसपास. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला शंभर किलोमीटर लांब एकटं कोण पाठवतं? आणि सीमेचा प्रश्न पेटला की पहिल्यांदा थांबते ती बस. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबल्या. तुमच्या मेळ्याच्या आठवड्यात असं काही झालं तर कोल्हापूरचे गिऱ्हाईक गेले म्हणून समजा, आणि त्यावर तुमचा काहीही इलाज नाही. म्हणून बजेट करताना महाराष्ट्रातून येणारे शून्य धरायचे. आले तर वरकड.

उलट कर्नाटकातल्या बाजूकडे कुणी बघतच नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक, बैलहोंगल, धारवाड इथल्या कॉलेजच्या मुली तिकिटाचा एक रुपया न घालता येऊ शकतात. जाहिरात करायची तर तिथल्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर करा. मेंदी, बॅज, की-चेन, हातानं रंगवलेल्या वह्या यांवर हात सैल सोडणाऱ्या त्याच असतात, हे कुठल्याही प्रदर्शनवाल्याला विचारा.

तुमच्यापैकी कुणीतरी इटलीतल्या लुक्काचं उदाहरण देईलच, म्हणून तेही सांगून टाकतो. लुक्का नव्वद हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आणि २०२२ मध्ये तिथल्या कॉमिक मेळ्याची तीन लाखांवर तिकिटं गेली. फ्रान्समधलं आंगुलेम तर त्याच्याही निम्म्याचं, पण १९७४ पासून तिथं कॉमिकचा महोत्सव भरत आला. म्हणजे छोट्या गावात होतं की! होतं. पण लुक्काचा मेळा १९६६ पासून चालू आहे, आणि गावच त्याचं मैदान आहे: तटबंदीच्या आतल्या चौकाचौकांत तंबू लागतात. आंगुलेममध्ये नगरपालिका पाठीशी उभी राहिली, कॉमिकचं संग्रहालय झालं. तरीही तिथला २०२६ चा महोत्सव रद्द झाला, कारण आयोजकांवर चिडून लेखक-चित्रकारांनीच बहिष्कार टाकला. पन्नास वर्षांचा मेळा, प्रेक्षक तयार, शहर तयार, आणि चित्रकार आले नाहीत म्हणून दार बंद. अमेरिकेतलं सॅन डिएगो आज लाखावर माणसं गोळा करतं, ते १९७० मध्ये एका हॉटेलात तीनेकशे लोकांनिशी सुरू झालं. टोकियोतलं कॉमिकेट १९७५ मध्ये बत्तीस गट आणि सातेकशे माणसांचं होतं. हे सगळे मेळे चित्रं काढणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी आपापल्यात सुरू केले, मग मोठे झाले.

मग आपल्याकडे करणारी माणसं कोण? या बाबतीत मी तुमच्यापेक्षा जास्त आशावादी आहे.

शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र आठवा. नरगुंदकर भावे चौकातून मिरवणूक निघते आणि पहाटेपर्यंत चालते. एकेका गल्लीचा ट्रॅक्टर, ट्रॉलीवर प्लायवूडचा किल्ला, मागं जनरेटर, आणि वर गल्लीतलीच पंधरा-वीस पोरं वेश करून. चौक आला की ट्रॅक्टर थांबतो, संवादाची रेकॉर्ड लागते आणि प्रसंग सुरू होतो. त्या ट्रॉलीच्या मागं महिनाभर काय चालतं ते बघितलंय का कधी? थर्माकोल तापल्या तारेनं कापून बुरूज करायचे, त्यावर डिंकात बुडवलेला कागद, मग चुना आणि तपकिरी रंग, म्हणजे लांबून दगडच वाटतो. दाढी-मिशी स्पिरिट गमनं चिकटवायची, घामानं सुटू नये म्हणून आधी चेहरा पुसून कोरडा करायचा. चिलखत फोम शीटचं, त्यावर फेविकॉलचे दोन हात आणि मग चंदेरी रंग. फेविकॉल न लावता रंग मारला तर फोम तो पिऊन टाकतो. मुंबई-बंगळूरची पोरं कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश करणं) म्हणून यूट्यूबवर बघून जे शिकतात, ते इथं वडगाव-शहापूरच्या गल्लीत दहावी नापास झालेला पोरगा न शिकवता करतो. त्याला कॉस्प्ले म्हणतात हे त्याला माहीत नाही आणि तुम्हाला तो माहीत नाही, एवढीच अडचण.

तुमच्या मेळ्याचा पहिला स्टॉल या पोरांना द्या, भाडं न घेता. कार्यशाळा ठेवा: फोमचं चिलखत दोन तासांत. अॅनिमेवाल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना असल्या कामाची माणसं बंगळूरलाही सहज मिळत नाहीत. आणि या पोरांना वर्षातून एका रात्रीऐवजी दुसरं एक काम मिळेल, पैशाचं.

यात एक पथ्य मात्र पाळाच. वेशभूषेच्या स्पर्धेत शिवाजी महाराज, कित्तूरची राणी चन्नम्मा, तिचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा हे विषय ठेवू नका. डिसेंबर २०२१ मध्ये पुतळ्यांच्या विटंबनेवरून हे शहर किती तापलं होतं ते घरच्यांना विचारा. परीक्षकांनी एकाला सात आणि दुसऱ्याला नऊ गुण दिले, एवढ्यावरून दगडफेक नको. ऐतिहासिक वेश चित्ररथावर शोभतात, तिथं गुण कुणी देत नाही. (मंडळांच्या बक्षिसावरून भांडणं होतात ती वेगळी, ती आपापसातली!)

दुसरी माणसं म्हणजे चित्रकार. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली या गावात चित्रकारांची एक पिढी घडली. रवी परांजपे त्यांचेच शिष्य, बेळगावचे, पुढं इलस्ट्रेशनमध्ये केवढं मोठं नाव. ती परंपरा आज कला शिक्षकांच्या, साइन बोर्ड रंगवणाऱ्यांच्या आणि पुण्या-बंगळूरच्या स्टुडिओत नोकरी करून सणाला घरी येणाऱ्या पोरापोरींच्या रूपात शिल्लक आहे. बाहेरचा महागडा पाहुणा विमानानं आणण्यापेक्षा या घरी येणाऱ्यांना गाठा. त्यांना लॉजसुद्धा लागत नाही.

तिसरी माणसं तुम्ही मोजलीच नाहीत: पंचेचाळीस ते साठ वयाचे. १९६७ पासूनची अमर चित्र कथा, इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी वेताळ, चांदोबा यांवर वाढलेली ही पिढी आहे. इंद्रजाल १९९० ला बंद पडलं, जुने अंक आज जपून ठेवलेली माणसं इथं गल्लोगल्ली आहेत. १९९१ ला सुरू झालेला चिंटू कात्रणं काढून वहीत चिकटवणारेही माझ्या ओळखीचे आहेत. तुमच्या वयाचा पोरगा तीनशे रुपये खर्च करताना दहा वेळा विचार करतो, हे गृहस्थ एका जुन्या वेताळासाठी पाचशे काढून देतात आणि घरी बायकोला दोनशे सांगतात. जुन्या कॉमिक्सच्या देवाणघेवाणीची तीन-चार टेबलं ठेवा. चाळीस स्टॉलच्या हिशोबात सगळ्यात पक्का गल्ला तो असेल. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून या गावात आहे, वाचणाऱ्यांचा तुटवडा नाही. ते गेमिंगच्या कर्कश आवाजात येणार नाहीत, एवढं लक्षात ठेवून त्यांचा कोपरा लांब द्या.

तारखेबद्दल. जून ते सप्टेंबर पावसामुळे बाद. एक नोव्हेंबरच्या आगेमागे काही नको, कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस एकाच दिवशी, पोलीस तुमच्याकडे बघणारही नाहीत. डिसेंबरात अधिवेशन, एक खोली मिळत नाही आणि मिळाली तर दर ऐकून परत जाल. मार्चपासून परीक्षा. उरतो जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्यातही पौष साधा. पौषात सहसा लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी, मंडपवाले, जनरेटरवाले, केटरर सगळे मोकळे आणि भाव करायला तयार. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) परीक्षेचं वेळापत्रक तेवढं आधी बघा. कडोली, येळ्ळूर, उचगाव असल्या गावांची साहित्य संमेलनंही याच दिवसांतल्या रविवारी असतात. त्या दिवशी धडक देऊ नका, उलट त्यांच्या मंडपात एक टेबल मागा. ग्रंथदिंडी, जेवण, कवी संमेलन हे सगळं गावानं वर्गणीवर कसं पेललंय ते बघून या. दोनशे स्टॉलवाल्या कुठल्याही कंपनीपेक्षा ती माणसं तुम्हाला जास्त शिकवतील.

मैदान नको असं म्हणतोय ते याच दिवसांमुळे. जानेवारीत इथं पहाटे दव पडतं. रात्री मंडपात ठेवलेले आर्ट पेपरचे प्रिंट सकाळी कडेनं गोल वळलेले सापडतात. दुपारी ऊन चढलं की सरळ होतात, पण कागदाचा ताव जातो आणि गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं. संध्याकाळी वारा सुटला की मैदानातली तांबडी माती काळ्या छपाईवर अशी बसते की बोटानं नाव लिहावं. मिठाईच्या आणि कपड्याच्या स्टॉलला हे चालतं, कागदाला चालत नाही. पक्क्या छताचा हॉल घ्या, कॉलेजचा किंवा कार्यालयाचा. बाहेरच्या अंगणात खाण्याचे स्टॉल आणि वेशभूषेचं स्टेज.

भाषेबद्दल फार विचार करू नका, पण थोडा करा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानं-आस्थापनांच्या नामफलकावर साठ टक्के कन्नड बंधनकारक आहे. कमानीवर आणि मोठ्या फलकावर तेच प्रमाण ठेवा, वरच्या बाजूला ठेवा आणि विषय संपवा. निवेदन मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत. आतल्या स्टॉलवर काय छापलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं; माझ्या पाहण्यात शाळकरी पोरं एकमेकांशी मराठीत भांडतात, कन्नडमध्ये भाव करतात आणि कॉमिक इंग्रजी घेतात. व्यासपीठावर कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही समितीचा माणूस नको, आपला वाटला तरी नको.

तिकीट ठेवा, पन्नास रुपये का होईना. फुकट ठेवलं की संध्याकाळी सगळा खडेबाजार हवा खायला आत येतो आणि स्टॉलवाला नुसता उभा राहतो. तिकिटावर वीस रुपयांची स्टॉलवर वळती करायची चिठ्ठी द्या, म्हणजे पहिली खरेदी होते. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण टी-शर्ट, मग, पात्रांच्या प्लॅस्टिकच्या मूर्ती यांवर आहे. बाहेरच्या विक्रेत्यांना हे आधीच कळवा आणि स्वतःच्या तिकिटांबद्दल सीएला विचारा. प्रायोजकाचा चेक कुणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका. मैत्री तुटते ती तिथंच.

पोलीस आयुक्तालयात अर्ज महिनाभर आधी द्या आणि त्यासोबत वेशभूषेच्या हत्यारांचे फोटो जोडा. फोमची असो नाहीतर पुठ्ठ्याची, तलवार दिसली की हवालदार अडवणार, आणि त्याचं चुकत नाही. नियम एका कागदावर लिहा: धातू नाही, धारदार काही नाही, खरी दिसणारी बंदूक नाही, हॉलच्या बाहेर हत्यार पिशवीत. तो कागद अर्जाला लावा, तिकिटाच्या मागं छापा आणि गेटवर चिकटवा. गेटवर तपासायला तुमच्यातला शांत डोक्याचा मुलगा बसवा, आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.